संमतीवाली टेग्वेन

कूमहेलिगमध्ये माणसाला आडनावानं कुणी ओळखत नाही. ओळखून करणार काय? अर्धं खोरं बेनन आणि उरलेलं अर्धं प्रॉबर्ट. मग धंद्यावरून नाव पडतं. पाववाला आयव्होर, दूधवाला ग्लिन, आणि ज्याच्या हातात एकदा कधीतरी करवत दिसली तो मरेपर्यंत सुतार. टेग्वेन बेनन शाळेत होती तोवर नुसती टेग्वेन होती. पुढे ती कार्डिफला गेली, तिथल्या सेनेदमध्ये, म्हणजे वेल्सच्या विधानसभेत, नोकरीला लागली. एका नाताळात कुणीतरी तिला विचारलं, "अगं, तू तिथे नक्की करतेस तरी काय?" तिनं बिचारीनं खरं काय ते सांगितलं. त्या दिवसापासून ती संमतीवाली टेग्वेन झाली आणि आता साठीला आली तरी तीच आहे.

काम म्हटलं तर सोपं. शाळा, दवाखाने, शेती, जनावरं हे विषय वेल्सनं बघायचे. फौज, परराष्ट्र वगैरे लंडननं. पण लंडनची संसद पडली थोरली. तिनं मनात आणलं तर ती वेल्सच्या विषयावरही कायदा करू शकते. फक्त आधी विचारायचं, अशी रीत आहे. लंडनहून नवं विधेयक निघालं की त्यातलं कुठलं कलम आपल्या अंगणात शिरतंय ते शोधायचं, त्यावर मंत्र्यांनी टिपण मांडलंय का बघायचं, ते समितीपुढे न्यायचं, समितीचा अहवाल वेळेत काढून घ्यायचा आणि मग सभागृहात मत घ्यायचं, संमती द्यायची की नाही. सगळं वेल्शमध्ये आणि इंग्रजीत, आणि लंडनचा शेवटचा टप्पा यायच्या आत. ही तारखांची कसरत बावीस वर्षं टेग्वेनच्या माथी होती. आणि लंडनवाल्यांची तऱ्हा अशी की आठवडाभर चिडीचूप, शुक्रवारी दुपारी चार वाजता, माणूस कोट चढवत असताना, यांचं पत्र येणार, की कलम एकोणीस बदललं आहे, कृपया बघून घ्यावं. टेग्वेन कोट काढायची, पुन्हा खुर्चीत बसायची आणि जे काही बोलायची ते कुठल्याही भाषेत छापण्याजोगं नसायचं.

तिचे वडील इद्वल. वय शहाऐंशी. आधी खाणीत होते, खाण बंद पडली तेव्हा शाळेची बस चालवायला लागले, म्हणून गावात बसवाला इद्वल. बायको जाऊन अकरा वर्षं झाली. डोंगराच्या उतारावरच्या त्या चिंचोळ्या घरात म्हातारा, परसात सहा कोंबड्या, आणि समोरच्या खोलीत एक संगणक. हा संगणक टेग्वेननंच आणून दिला होता, कारण सेनेदचं कामकाज त्यावर थेट दिसतं. मंगळवारी आणि बुधवारी दुपारी म्हातारा चहाचा मग घेऊन त्याच्यासमोर ठाण मांडून बसायचा. लेक सभापतींच्या पुढ्यातल्या टेबलाशी कधीमधी दिसायची. संध्याकाळी फोन.

"आज तो हिरवा स्वेटर पुन्हा?"

"बाबा, तुम्ही भाषणं ऐकता की माझे स्वेटर मोजता?"

"दोन्ही. त्या टक्कलवाल्यानं दुरुस्ती मागे घेतली, ती का गं?"

असा म्हातारा. वीस वर्षं बघून बघून त्याला कामकाजाचे नियम सभासदांपेक्षा जास्त पाठ झाले होते.

ऑक्टोबरात तो जिन्यावरून पडला. पहाटे खाली यायला निघाला, शेवटून तिसरी पायरी चुकली, आणि खाली दगडी फरशीवर. सहापासून साडेनऊपर्यंत तसाच पडून. शेजारच्या नेस्टा प्रॉबर्टबाईंना कोंबड्यांचा आरडाओरडा ऐकू आला. इतका उशीर झाला तरी इद्वलनं खुराडं उघडलं कसं नाही, म्हणून त्या बघायला गेल्या, तेव्हा सापडला. हाड मोडलं नाही हे नशीब. पण टेग्वेननं दवाखान्यात बापाचा तो निळा पडलेला चेहरा बघितला. तिनं तिथेच ठरवलं. बाबांना आता एकटं ठेवायचं नाही. कार्डिफला आपल्याकडे न्यायचं.

आता टेग्वेन ठरवते म्हणजे काय, ते तिच्या नवऱ्याला, हेविनला विचारा. तीन आठवड्यांत तिनं सगळं उरकलं. मागची खोली रिकामी केली, हेविनच्या हाती ब्रश दिला, खोली फिकट पिवळी झाली. कार्डिफच्या डॉक्टरीणबाईंकडे बाबांचं नाव घातलं. न्हाणीघरात पकडायला दांडे बसवले. कोंबड्या वरच्या वाडीतल्या शेतकऱ्याला द्यायचं ठरवलं. बाईचा कामाचा उरक असा की बघत राहावं. आणि ह्या सगळ्या धांदलीत बापाला सांगायचं राहिलं. म्हणजे सांगणार होती. डिसेंबरात, सगळं तयार झालं की, छानपैकी बसवून सांगणार होती.

म्हाताऱ्याला कळलं ते असं. एका बुधवारी सकाळी दारात तो शेतकरी उभा, हातात तारेची पेटी.

"कोंबड्या न्यायला आलोय, इद्वल."

"कुणाच्या?"

"तुझ्याच की. टेग्वेन म्हणाली, तू कार्डिफला चाललास."

म्हाताऱ्यानं त्याला चहा पाजला, रिकामी पेटी घेऊन परत पाठवलं आणि कार्डिफला फोन लावला. टेग्वेन तेव्हा एका बैठकीच्या दारात होती.

"टेग्वेन बेनन," म्हातारा म्हणाला. पूर्ण नाव आलं की समजायचं, आभाळ भरलंय. "माझ्या घराबाबत काही कायदा झालाय असं ऐकतो."

"बाबा, मी सांगणारच होते..."

"टिपण कधी मांडलंस?"

"कसलं टिपण?"

"लंडननं विधेयक आणलं की दोन आठवड्यांत टिपण मांडायचं असतं, असं तूच मला शिकवलंस. कुठलं कलम कुणाच्या अंगणात येतं, कारण काय, संमती द्यावी असं का वाटतं. माझ्या अंगणात तर तू थेट पेटी घेऊन माणूस पाठवलास!"

"बाबा, ती कामाची गोष्ट आहे. हे घर आहे!"

"तेच म्हणतोय मी. घर आहे. माझं." आणि फोन ठेवला.

टेग्वेन बैठकीत गेली, पण तिचं लक्ष कुठलं लागायला. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. बावीस वर्षं जी बाई लंडनच्या नावानं बोटं मोडत आली, की आम्हाला न विचारता आमच्या घरात ढवळाढवळ करतात मेले, तिनं स्वतः तेच केलं होतं, तेही स्वतःच्या बापाला. दुपारी तिला राग आला. म्हातारा पडून मेला असता तर? आणि हा टिपण मागतो? संध्याकाळी घरी येऊन तिनं हेविनला सगळं सांगितलं. हेविन तसा बोलतो कमी.

"मग मांड की टिपण," तो म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.

तिनं मांडलं. चार पानं, दोन्ही भाषांत. हस्ताक्षरात नाही, व्यवस्थित टंकून, वर मथळा, खाली कलमं. कलम एक, निवासाचं स्थलांतर. कलम दोन, वैद्यकीय देखभाल. कलम तीन, कोंबड्या. प्रत्येकाखाली कारणं. तिला ते जमायचंच, तोच तिचा धंदा. म्हाताऱ्याचं उत्तर टपालानं आलं, एका जुन्या नाताळकार्डाच्या पाठीवर. टिपण मिळालं. ते समितीकडे पाठवत आहे. समितीची बैठक शनिवारी अकरा वाजता, सिल्व्हानोच्या कॅफेत. साक्षीला हजर राहावं.

त्याच आठवड्यात सेनेदमध्येही एक संमतीचं प्रकरण चाललं होतं आणि योगायोग बघा, तेही कोंबड्यांचंच. लंडनचं विधेयक, घरोघरच्या कोंबड्यांची नोंद ठेवायची. कलम एकोणीस म्हणत होतं की वेल्समधल्या कोंबड्यांचे नियमही लंडनचाच मंत्री करेल. सेनेदमध्ये सगळे एका सुरात भडकले. कोंबड्या आमच्या, डोंगर आमचा, आणि हे तिथून उंटावरून शेळ्या हाकणार? मंगळवारी मत झालं. संमती नाही. म्हातारा घरी बसून टाळ्या वाजवत होता. गुरुवारी लंडननं विधेयक आहे तसं पुढे नेलं आणि मंजूर केलं.

तसं करता येतं. संमतीशिवाय लंडन सहसा कायदा करणार नाही, असंच लिहिलेलं आहे, आणि 'सहसा' ह्या शब्दाला कोर्टातही कुणी धरून बसवू शकत नाही. टेग्वेनला ते पाठ होतं, तरी दर वेळी तिचा जीव जळायचा. त्या संध्याकाळी तिनं राग काढायला दुसरं कुणी नसल्यासारखा बापालाच फोन केला.

"बघितलंत? विचारायचं, 'नाही' ऐकायचं, आणि आपलं तेच खरं करायचं! मग विचारलं कशाला? तोंडाला पानं पुसायला?"

पलीकडे म्हाताऱ्यानं चहाचा मग खाली ठेवला.

"हेच मी तुला शनिवारी विचारणार होतो," तो म्हणाला. "समितीनं नको म्हटलं, तर तू काय करणार? बँकेचे कागद तुझ्या नावावर, किल्ली तुझ्याकडे, डॉक्टर तुझं ऐकतात. मी शहाऐंशीचा. मनात आणलंस तर उचलून नेशील."

टेग्वेननं 'नाही नेणार' म्हणायला हवं होतं, पण त्या दगडी फरशीवरचे साडेतीन तास तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. "बघू," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर स्वतःचीच तिला लाज वाटली.

शनिवारी पाऊस होता. ते काही सांगायला नको. सिल्व्हानोचा आजा इटलीहून येऊन या खोऱ्यात कॉफी विकायला बसला, तेव्हापासून त्या कॅफेच्या खिडकीतल्या टेबलावर खाणीतून सुटलेली माणसं बसत आली. हल्ली तिथे इद्वल बसतो. टेग्वेन आली तेव्हा टेबलावर तव्यावरचे मनुकांचे केक, चहाची किटली आणि तिच्या टिपणाच्या तीन प्रती मांडलेल्या होत्या. समितीत दोनच सभासद. एक नेस्टा प्रॉबर्टबाई, गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, हातात पेन्सिल. दुसरा सिल्व्हानो, कमरेला ॲप्रन. अध्यक्ष स्वतः इद्वल, टाय लावून.

"ज्याच्या घराचा प्रश्न, तोच अध्यक्ष?" टेग्वेननं विचारलं.

"सेनेदच्या विषयावर सेनेदच बसते ना? का लंडनहून माणूस मागवू?" म्हातारा म्हणाला. "साक्षीदारानं बसून घ्यावं."

"सरळ बस, टेग्वेन," प्रॉबर्टबाई म्हणाल्या. पन्नास वर्षांपूर्वीही त्या हेच म्हणायच्या. टेग्वेन सरळ बसली.

"कलम तीनवर माझा आक्षेप आहे," सिल्व्हानोनं सुरुवात केली. "माझ्याकडची अंडी इद्वलच्या कोंबड्यांची असतात. त्या वाडीवर गेल्या तर तो शेतकरी मला मधमाशांसारखं पिळेल."

"मधमाशा पिळत नाहीत, सिल्व्हानो, डसतात," बाई म्हणाल्या. "आणि अंडी हे कारण होत नाही. माणूस पडला होता."

"पडला. मग मीही पडलो होतो गेल्या वर्षी, दारूच्या दुकानाबाहेर. मला कुणी कार्डिफला नेलं का?"

"तू शुद्धीत नव्हतास म्हणून पडलास. हा शुद्धीत असून पडला. फरक आहे."

"अहो, पण मला सांगा बाई, हा गेला तर ह्या टेबलावर कोण बसणार? मी सकाळी सातला शटर वर करतो ते कुणाला शिव्या द्यायला?" सिल्व्हानोचा आवाज एकदम बदलला. "माझं हित गुंतलंय, ते मी आधीच जाहीर करतो. नोंद घ्या. मला तो हवाय. बस."

टेग्वेननं साक्ष दिली. कलमं समजावली, दांडे कुठे बसवलेत ते सांगितलं, खोलीचा फोटो दाखवला. सिल्व्हानो म्हणाला रंग छान आहे. बाईंनी विचारलं, कार्डिफच्या डॉक्टरीणबाई वेल्श बोलतात का? थोडी बोलतात. चर्चमधली प्रार्थना? बसनं दहा मिनिटं. जिना? एकही पायरी नाही. म्हातारा अध्यक्षाच्या खुर्चीत बसून शिस्तीत ऐकत होता, मध्ये कुणी बोललं की चमचा कपावर वाजवत होता. सिल्व्हानोला त्यानं दोनदा समज दिली.

मग मताची वेळ आली. प्रॉबर्टबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"संमती द्यावी," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी त्याला त्या पायऱ्यांखाली बघितलेलं नाही. मी बघितलंय. मला बघून तो म्हणाला, 'नेस्टा, आधी कोंबड्या सोड.' मी त्याच्याशेजारी फरशीवर बसले आणि रडले, म्हाताऱ्या वयात. मला पुन्हा तसं दार उघडायचं नाही. मला शेजार हवाय, पण मेलेला नको." कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"संमती नाही," सिल्व्हानो म्हणाला, अगदी हळू.

एक-एक. बरोबरी. बरोबरी झाली की काय होतं ते टेग्वेनला ठाऊक होतं. म्हाताऱ्यालाही होतं. त्यानं टाय नीट केला.

"मतं समसमान. अध्यक्षांचं निर्णायक मत. सेनेदच्या रीतीप्रमाणे अध्यक्ष स्वतःचं मन चालवत नाही, प्रस्तावाच्या विरोधात मत देतो. आहे ते आहे तसं राहतं. प्रस्ताव नामंजूर." आणि त्यानं घाईघाईनं टोपी डोक्यावर घातली. "झालं. चहा प्या."

टेग्वेन बापाकडे बघत राहिली. "आता तू तुझ्या मनातलं करशीलच म्हणा," म्हातारा किटलीकडे बघत म्हणाला. "लंडनसारखं."

"नाही करणार," टेग्वेन म्हणाली. परवा फोनवर जे जमलं नव्हतं ते आता आपोआप आलं. "नाही म्हणजे नाही. खोली राहील तशीच, हेविन त्यात त्याच्या सायकली ठेवेल. तुम्हाला उचलून नेणार नाही, बाबा. शप्पथ." तिचे डोळे भरले. "पण मला वाटतं ना भीती! रोज सकाळी सहाला जाग येते आणि वाटतं, आत्ता पडले असतील."

म्हाताऱ्यानं चहा ओतायला किटली उचलली. कप भरला तरी तो ओततच राहिला आणि चहा बशीत सांडला. त्या सांडलेल्या चहाकडे बघता बघता टेग्वेनच्या काहीतरी ध्यानात आलं. आत्ता जे मत पडलं ते नियमाचं होतं. म्हातारा नियमाच्या मागे जाऊन बसला होता, जसे सेनेदमधले काही सभासद बसतात, आपल्याला काय वाटतं ते सांगायची पाळी येऊ नये म्हणून. आणि तिनं तरी काय केलं होतं? चार पानं, तीन कलमं, दोन भाषा. तिनं मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत सगळं टिपण चाळलं. तो प्रश्न कुठेच नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "नियम राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"

"बैठक संपली."

"संपू दे. लेक म्हणून विचारतेय. तुम्हाला यायचंय का माझ्याकडे?"

म्हाताऱ्यानं टोपी काढली. सिल्व्हानो उठून उगाच कॉफीच्या यंत्राकडे गेला आणि फडक्यानं ते पुसायला लागला, ऐकू येईल इतक्याच अंतरावर.

"ऑक्टोबरपासून हे पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं," इद्वल म्हणाला. "दवाखान्यातली ती डॉक्टरीण माझा गुडघा दाबते आणि तुला विचारते, 'यांना दुखतं का?' अगं बाई, गुडघा माझा आहे! तिथल्या पोरीनं माझा चहा पुढ्यात ठेवला आणि तुला विचारलं, 'हे साखर घेतात का?' मला वाटलं, मी मेलो की काय त्या फरशीवर, आणि मला कुणी कळवलं नाही."

टेग्वेनला हसू आलं आणि रडूही आलं. बाईंनी तिच्यापुढे कागदी रुमाल सरकवला.

"भीती मलाही वाटते," म्हातारा पुढे म्हणाला. "खोटं कशाला बोलू. जिना चढताना कठड्याला असा धरून ठेवतो की हात दुखून येतो. दोनदा तर खालीच झोपलो, खुर्चीत. तुला सांगितलं नाही. पण टेग्वेन, तुझ्या त्या पिवळ्या खोलीच्या खिडकीतून बाहेर बघितलं की मला हात कोण करणार? इथे दारात उभा राहिलो तर दहा मिनिटांत सात जण विचारतात, 'काय बसवाल्या, उठलास का?' यातली निम्मी मी नाक पुसून शाळेत सोडलीत. तिथे मी कोण? टेग्वेनचे वडील. चांगली गोष्ट आहे ती. पण तेवढंच होऊन नाही राहायचं मला. नाही यायचं."

"बरं," टेग्वेन म्हणाली. तिनं पुन्हा वाद घातला नाही. हे ऐकून सिल्व्हानोचं पुसणं थांबलं.

"आता माझा एक ठराव आहे," इद्वल म्हणाला, आणि आता त्याचा आवाज अध्यक्षांचा नव्हता, जरा घाबरलेला होता. "बघ बाई, मला सवय नाही विचारायची. मार्चमध्ये तू निवृत्त होतेस. वरच्या दोन्ही खोल्या तुम्हाला होतील. मी खाली पलंग टाकीन, समोरच्या खोलीत. जिनाच नको आणि पडणंच नको. तू ये. तुम्ही दोघं या. वाटलं तर. नाही वाटलं तर नको. मी विचारतोय फक्त."

टेग्वेनच्या डोळ्यांपुढे ते घर उभं राहिलं, परसातला ओला वास, वरच्या खोलीतून दिसणारा डोंगर, सकाळी सहाला जाग आल्यावर खालून ऐकू येणारा बापाचा खोकला. तिच्या ओठांवर 'येते' आलंच होतं. मनातल्या मनात तिनं सामान बांधून, कार्डिफचं घर भाड्यानं देऊन, हेविनच्या सायकलींना मागे छप्परसुद्धा घातलं होतं. मग ती थांबली.

"एक मिनिट हं, बाबा," ती म्हणाली. पर्समधून फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर लावला.

"काय आणू?" हेविननं फोन उचलताच विचारलं. "दूध आहे घरात."

"आणायचं काही नाही. तुला एक विचारायचं होतं. मार्चपासून आपण बाबांकडे राहायला यायचं का? इथे, कूमहेलिगला. तुला चालेल का?"

पलीकडून काही आवाज येईना.

"हॅलो? आहेस ना?"

"आहे," हेविन म्हणाला. "थांब जरा. मला खुर्चीत बसू दे." खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "तू हे मला सांगतेयस की विचारतेयस?"

"विचारतेय."

"म्हणजे अजून ठरलेलं नाही."

"नाही. तू नको म्हणालास तर नाही."

तो विचार करत होता. टेग्वेन फोन कानाला लावून उभी होती. खिडकीपाशी बाप टोपी मुठीत चुरगाळत बसला होता, बाई पुढे झुकून ऐकत होत्या आणि सिल्व्हानोच्या हातातलं फडकं हवेतच राहिलं होतं. आजवर टेग्वेननं लंडनला कितीतरी उत्तरं पाठवली, संमती आहे, संमती नाही. ती कायम उत्तर देणाऱ्यांच्या बाजूला बसली होती. आपल्याला जे जिवापाड हवंय ते दुसऱ्याच्या हातात ठेवून गप्प उभं राहायचं, तेव्हा विचारणाऱ्याचं काय होतं, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. घाई कर म्हणावंसं वाटत होतं, आणि ती म्हणाली नाही.

"माझ्या अटी आहेत," शेवटी हेविन म्हणाला. "दोन. नाही, थांब. तीन."

टेग्वेननं प्रॉबर्टबाईंसमोरची पेन्सिल उचलली, टिपणाचं शेवटचं पान उलटं करून टेबलावर सपाट केलं आणि फोन खांद्यानं कानाशी धरला.

"सांग," ती म्हणाली.